दारावरची पाटी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एखाद्या दुकानाच्या काचेच्या दारापाशी क्षणभर थांबू या. दुकान किती ते किती उघडं, कोणती कार्डं चालतात, हे बारीक अक्षरांत. आणि शेजारी कायदेशीर भाषेतला लांबलचक मजकूर, एकदा इंग्रजीत, एकदा स्पॅनिशमध्ये. अर्थ एवढाच, की पिस्तूल लपवून आत आणायचं नाही. अक्षर किमान एक इंच उंच हवं, रंग उठून दिसायला हवा, आणि पाटी सगळ्यांना सहज दिसेल अशी हवी. हे टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम ३०.०६. कमरेला उघड लटकवलेलं पिस्तूलही नको असेल, तर कलम ३०.०७ ची आणखी एक पाटी; ही २०१६ पासूनची. परवानाधारकाला अडवायला पिस्तुलावर काट मारलेलं छोटं स्टिकर पुरत नाही. दुकान मालकाचं, पण ‘नको’ म्हणायचं ते सरकारने ठरवून दिलेल्या शब्दांत! एवढं करूनही कुणी आत शिरलाच, तर दंड २०० डॉलरपर्यंत. तोंडावर सांगूनही हलला नाही, तर मात्र गुन्हा गंभीर होतो.

मोठ्या कंपन्या या पाट्यांच्या वाटेला फारशा जात नाहीत. त्या विनंती करतात. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहिलं, की कृपया आमच्या दुकानांत शस्त्रं आणू नका. बंदी का नाही, याचं कारणही त्यांनी दिलं होतं. बंदी घातली तर शस्त्रधारी गिऱ्हाइकाला अडवायचं काम कॉफी देणाऱ्या पोरांवर येईल. मला हे कारण पटतं. तरी मनात येतं, विनंती न मानणारा समोर उभा राहिला, की त्या पोराने काय करायचं? कॉफीच द्यायची.

वॉलमार्टचा प्रसंग याहून भीषण. ३ ऑगस्ट २०१९ ला एल पासोच्या त्यांच्या दुकानात झालेल्या गोळीबारात २३ जणांचा बळी गेला. पाचच दिवसांनी मिझुरी राज्यात वॉलमार्टच्याच दुसऱ्या दुकानात एक वीस वर्षांचा तरुण चिलखती जाकीट घालून, रायफल घेऊन शिरला. ट्रॉली ढकलत होता, मोबाइलवर चित्रण करत होता. आपला शस्त्राचा हक्क इथे मानतात का, ते म्हणे पाहायचं होतं! मॅनेजरने आगीची घंटा वाजवली, लोक बाहेर धावले. आणि पोलीस येईपर्यंत त्याला रोखून धरलं ते स्वतःजवळ पिस्तूल असलेल्या एका नागरिकाने. शस्त्राच्या हक्काचे समर्थक आणि विरोधक हा प्रसंग आपापल्या सोयीने सांगतात, यात नवल नाही. महिन्याभरात वॉलमार्टनेही विनंती केली, पण उघड शस्त्रापुरतीच. परवाना असलेलं, झाकलेलं पिस्तूल पूर्वीसारखंच चालणार होतं.

नोकरांची गोष्ट आणखी वेगळी. टेक्सासमध्ये मालक कामाच्या जागी शस्त्राला मनाई करू शकतो. पण बाहेरच्या पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत नोकराने कायदेशीर पिस्तूल ठेवलं, तर २०११ पासून मालकाला ते सहसा रोखता येत नाही.

आणि दारावर काहीच लिहिलेलं नसेल तर? बहुतेक राज्यांत याचा अर्थ ‘या’ असा. हवाई राज्याने २०२३ मध्ये तो उलटा केला. मालकाने स्पष्ट होकार दिला असेल, तरच शस्त्र आत. त्यावर खटला झाला आणि कोऱ्या दाराचा अर्थ काय, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोहोचला.

नमस्कार.