शुक्रवारी म्हापशात तापलेली गाडी

(म्हापसा. शुक्रवारचा बाजार. गाड्यांची रांग, हॉर्न.)

मांद्र्याहून निघालेली ही गाडी चोपड्याचा पूल ओलांडून शिवोलीमार्गे म्हापशाला आली, तोवर तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. बाजाराच्या तोंडाशी दहा मिनिटं उभं राहावं लागलं आणि काटा चढायला लागला. काकांनी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही, हे बरं झालं. आतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं उसळून तोंडावर येतं.

(गॅरेज. दुपार.)

"पळताना तापत नाही, उभी राहिली की तापते." काकांनी एवढं सांगितलं आणि मेस्तांचं, म्हणजे मेकॅनिकचं, अर्धं काम झालं. पळत्या गाडीचा रेडिएटर समोरच्या वाऱ्यानंच निवतो. पंख्याची गरज लागते ती गर्दीत. घाटात, मोकळ्या रस्त्यावरही तापली असती, तर आधी कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट, वॉटर पंप असं बघत जावं लागलं असतं.

मेस्त इंजिन सुरू करून एसी लावतात. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखाही फिरायला हवा. इथे फिरत नाही.

काकांना आधी एका ठिकाणी पंख्याची नवी मोटर टाकायला सांगितलं होतं. खर्च मोठा, म्हणून ते थांबले. खरं तर मोटर मेली की नाही हे कळायला पाच मिनिटंही लागत नाहीत. इंजिन बंद, कनेक्टर काढला, बॅटरीवरून दोन वायरींनी मोटरला थेट करंट दिला. पंखा गरगरला.

"मोटर ठणठणीत आहे, काका."

(फ्यूज बॉक्स. जवळून.)

फ्यूज शाबूत. रिले म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच. शेजारचा त्याच नंबराचा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला. टक्क असा आवाज आला, पण पंखा ढिम्म. म्हणजे हुकूम सुटतोय, घोटाळा रिलेच्या पुढे कुठेतरी आहे. एसी लावूनही रिले गप्प राहिला असता, तर मेस्तांनी तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर काढून बघितला असता. सेन्सरचा पत्ता नाही असं दिसलं की कित्येक गाड्यांचा कॉम्प्युटर सावधगिरी म्हणून पंखा स्वतःच चालू करतो.

आता टेस्ट लॅम्प. चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला, सुई कनेक्टरच्या करंटच्या पिनला. दिवा लख्ख. मग चिमटा धन टोकाला लावून सुई अर्थच्या, म्हणजे करंट परत जायच्या, पिनला टेकवली. दिवा नुसता मिणमिणला.

(मेस्तांचं बोट एका बोल्टवर.)

हेडलाइटच्या मागे, बॉडीला कसलेला हा अर्थचा बोल्ट. वायरीच्या कडीवर हिरवट पांढरी खपली धरलीय. काकांचं घर समुद्राच्या वाऱ्यावर, गाडी बारा महिने उघड्यावर. खारी हवा पत्र्याला खाते हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक असतं, पण अर्थच्या कडीकडे कोण बघतो? करंट येत होता, परतायची वाट बंद होती.

बॅटरीची वायर सोडली. कडी पॉलिश पेपरनं घासली, बोल्टखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, बोल्ट आवळून वर ग्रीसचा हात फिरवला.

(इंजिन सुरू. एसी बंद. स्कॅनरचा पडदा.)

८८... ९२... ९५. कुणीच बोलत नाही. बहुतेक गाड्यांत पंखा ९५ ते १०० अंशांच्या आसपास लागतो. ९७ ला पंखा घोंघावत सुरू झाला. आकडा उतरला, पंखा थांबला. थोड्या वेळानं पुन्हा लागला. मेस्तांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, तरी पंखा चालूच.

काका दचकले. "अहो मेस्त, आता हा बंदच होत नाही!"

"या मॉडेलला तसंच असतं. गरम आहे तोवर फिरेल. हात तेवढा लांब ठेवा."