कुठून कळलं?

(दृश्य : वेंगुर्ल्यातलं घर. टेबलावर लॅपटॉप, हेडफोन, वह्यांची चळत. स्क्रीनवर लांबलचक तक्ता खाली सरकतो आहे.)

या तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक गाणं. पहिल्या रकान्यात ते मी कधी ऐकलं ती तारीख. मग गाव किंवा देश, गाणारे कोण, वाद्यं कुठली, पट्टी कुठली, ठेका किती मात्रांचा. गाणं मी स्वतः गावात जाऊन रेकॉर्ड केलं असेल, तर परवानगी कोणी दिली आणि कशापुरती दिली, तेही. सगळ्यात शेवटचा रकाना आहे 'कुठून कळलं'. बाकीचे रकाने कधी रिकामे राहिले तर मला चालतं. हा राहिला तर मी रात्री उठून पुन्हा लॅपटॉप उघडते.

मी ऑटिस्टिक आहे. नवीन संगीत शोधणं आणि जमवणं हा माझा विषय आहे, लहानपणापासूनचा. जेवण, आंघोळ, काजूच्या कारखान्यातली हिशेबाची नोकरी, हे सगळं मी त्या शोधाच्या आजूबाजूला बसवते.

ऑटिझम म्हटलं की एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकणारं मूल लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. तसंही मी करते. एखादं गाणं सापडलं की आठवडाभर दुसरं काही लावत नाही, आणि आई दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. पण तो आठवडा संपला की मला पुढचं लागतं. आधी कधीच न ऐकलेलं.

घरच्यांना हे कोडं वाटतं. पेल्याची जागा बदलली तरी मी अस्वस्थ होते, एसटी उशिरा आली तर सगळा दिवस विस्कटतो; मग रोज नवं गाणं कसं काय झेपतं? झेपतं, कारण शोधण्याची रीत तीच असते. तीच खुर्ची, तोच तक्ता, तेच रकाने, त्याच क्रमाने. नवेपणा येतो तो ठरलेल्या दारातून येतो. जुलै २०१५ पासून जगभरातले नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध होतात. त्याआधी देशोदेशी वार वेगवेगळे होते. हा निर्णय कंपन्यांनी त्यांच्या सोयीसाठी घेतला असेल, पण मला त्याने आठवड्याला एक खुंटी मिळाली. पावसाळ्यात लाईट जाते, रेंज जाते. तरी शुक्रवारी संध्याकाळी मी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढते. तिथे रेंज मिळते. सगळं उतरवून घेते आणि खाली येते.

(दृश्य : सडा. जांभा, ओलं गवत, लांबवर समुद्र. हातात फोन.)

निदान झालं तेव्हा मी नोकरीला लागले होते. त्यानंतर सवयीप्रमाणे मी मुळापासून वाचायला घेतलं. लिओ कॅनर या डॉक्टरांचा १९४३ चा लेख, ज्यातून 'ऑटिझम' या निदानाची सुरुवात झाली असं मानतात, त्यात ११ मुलांच्या नोंदी आहेत. पहिला मुलगा, डोनाल्ड, एक वर्षाचा असताना कितीतरी चाली अचूक गुणगुणायचा. आणखी एक मुलगा आहे, चार्ल्स. दीड वर्षाचा असताना तो १८ सिंफनी वेगवेगळ्या ओळखायचा. पहिला भाग सुरू होताच संगीतकाराचं नाव सांगायचा, 'बेथोवेन'. ही नोंद दोन-तीन ओळींत आटोपते आणि लेख पुढे जातो. मी तिथे थांबले. त्या १८ त्याच्यापर्यंत कशा पोचल्या? एकोणिसावी त्याला कोणी ऐकवली का?

आज डॉक्टर निदानासाठी जी पुस्तिका वापरतात, तिची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिच्यातल्या लक्षणांत 'अतिशय मर्यादित, खिळून राहिलेल्या आवडी' आहेत. तीव्रतेत किंवा एकाग्रतेत असाधारण. तीव्रता मान्य आहे. 'मर्यादित' मला मान्य नाही, आणि का ते पुढे दाखवते.

मला जवळचं वाटतं ते डिना मरी, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी २००५ मध्ये मांडलेलं. त्याला मोनोट्रोपिझम म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येकाकडे लक्षाचा साठा मर्यादितच असतो. बहुतेक माणसं तो अनेक गोष्टींत थोडा थोडा वाटतात. ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी मोजक्याच गोष्टींत जातं, पण सगळ्या जोराने. आमच्या बागेत पाटाचं पाणी असंच जातं. एका माडाच्या आळ्याचं तोंड उघडलं की बाकीच्यांची बंद, आणि ते आळं काठोकाठ भरतं. आता पाणी भरत असताना कोणी मध्येच तोंड बदललं, तर काय होईल? मला मध्येच हाक मारली तर तेच होतं. शाळेत एका बाईंनी माझी गाण्यांची वही काढून घेतली होती, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. लक्ष कुठेच लागलं नाही, कितीतरी दिवस.

(दृश्य : रात्र. मांडव, ट्यूबलाईट, दोन बाजूंना दोन बुवा. पखवाजावर कॅमेरा.)

माझं नशीब असं की मी या किनाऱ्यावर जन्मले. इथे एकाच अभंगाला दर वाडीत वेगळी चाल भेटते. डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, दोन बुवा समोरासमोर बसतात, आणि गेल्या महिन्यात गाजलेल्या सिनेमाच्या गाण्यावर गौळण बसवलेली असते. किती तरी गाण्यांशी माझी ओळख आधी गौळण म्हणून झाली. मूळ गाणं नंतर सापडलं, आणि मला ते गौळणीची नक्कल वाटलं! उत्तरेला रत्नागिरीकडे गेलात की नमन हे लोकनाट्य, आणि जाखडी हा नाच. मधे गाणारे बसलेले, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण, शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष, शक्तीवाल्यांनी प्रश्न टाकायचा आणि तुरेवाल्यांनी गाण्यातच उत्तर द्यायचं. इकडे कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी : ठाकर कलाकार एकेक चित्र समोर धरून कथा गातात. जत्रांच्या दिवसांत दशावतार, पेटी-पखवाज-झांजेवर रात्रभर. त्याची संवादसंहिता लिहिलेली नसते, त्यामुळे काल ऐकलेलं आख्यानही आज नवीन असतं.

फोनवरचं गाणं ओळखणारं ॲप मांडवात उपयोगाचं नाही. शझाम गाण्याच्या ध्वनीचित्रातले ठळक बिंदू घेऊन त्यांचा ठसा बनवतं आणि साठ्यातल्या ठशांशी ताडून बघतं. म्हणजे ते ठरावीक रेकॉर्डिंग ओळखतं. बुवांनी तीच चाल वरच्या पट्टीत, दुप्पट लयीत घेतली की त्याला काही सापडत नाही. तिथे माणसालाच विचारावं लागतं.

आणि हे विचारणं माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. चार माणसांत काय बोलायचं, ते मला कळत नाही. 'कशी आहेस', 'जेवलीस काय' याच्या पुढे गाडी जात नाही, आणि डोळ्याला डोळा देणं तर दुखतं. पण भजन संपल्यावर पेटी पिशवीत घालणाऱ्या बुवांपुढे मी न घाबरता उभी राहते.

"बुवानू, ही चाल खयसून इली?"

"माज्या बापाशीन बसवल्यान. तेका खय गावली ता माका ठावक नाय. देवगडाक माजो मामा आसा, तेका इचार गो बाय."

मग मी देवगडला जाते. मामा दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगतात, चहा देतात, आणि न विचारता आणखी दोन चाली गाऊन दाखवतात. त्यात आम्ही दोघंही पेटीकडे बघत असतो. एकमेकांकडे बघावं लागत नाही.

(दृश्य : कोर्लईचा किल्ला, खाली गाव. मग नकाशा.)

आता 'मर्यादित' या शब्दाकडे येते. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, पण गावातले ख्रिस्ती लोक अजूनही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली बोलतात. तिच्यात त्यांची गाणी आहेत. ती मी ऐकली, आणि प्रश्न पडला की पोर्तुगीजांनी जिथे जिथे गलबतं लावली, तिथे असं आणखी काय गायलं जातं? त्या शोधात आफ्रिकेच्या पश्चिमेची केप व्हर्द बेटं सापडली. तिथलीही बोली पोर्तुगीजमधूनच घडलेली. तिथलं मोर्ना नावाचं गाणं, संथ, समुद्रापलीकडे गेलेल्या माणसांच्या आठवणीचं. सेझारिया एवोरा या गायिकेने ते जगभर नेलं. रंगमंचावर ती अनवाणी गायची. २०१९ मध्ये युनेस्कोने मोर्नाला मानवतेच्या अमूर्त वारशात घेतलं. जिच्या घरचा पुरुष बोटीवर किंवा मुंबईला असतो, तिला मोर्नाचा अर्थ सांगावा लागणार नाही. आमच्या किनाऱ्यावर अशी घरं दर वाडीत आहेत.

मोर्नावरून मी त्याच बेटांवरच्या फुनानाकडे गेले. फुनाना जलद, नाचायचं. त्यात दोनच मुख्य वाद्यं : एक बटणांचा अकॉर्डियन, आणि एक लोखंडी पट्टी, जिच्यावर सुरी घासून ठेका धरतात. अकॉर्डियनमध्ये धातूच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरतात. आपल्या पेटीतही तेच आहे. म्हणून मग पेटी! पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिचा भाता पायाने मारायचा. मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली, कारण तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढता येत नाही, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, सापडत नाहीत. त्या ३१ वर्षांत कोकणातल्या एकाही मांडवातून पेटी उठली असेल, असं मला वाटत नाही.

कोर्लईहून निघाले, ती केप व्हर्दवरून पॅरिस, कोलकाता करत आमच्याच वाडीतल्या पेटीपाशी पोचले. प्रत्येक पायरी तक्त्यात आहे, शेवटच्या रकान्यात.

स्ट्रीमिंगची ॲप्सही गाणी सुचवतात. मी ऐकते, पण ती बहुधा ऐकलेल्यासारखंच आणखी देतात. कोर्लईनंतर पेटी कुठलंही ॲप सुचवणार नाही.

शरीरात काय होतं, तेही वाचलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडतं गाणं ऐकताना मेंदूत डोपामाइन दोनदा सुटतं, वेगवेगळ्या भागांत : एकदा गाण्यातली आवडती जागा येते तेव्हा, आणि एकदा ती येणार आहे हे कळतं तेव्हा. हे सगळ्याच माणसांविषयी आहे, फक्त ऑटिस्टिक नाही. पण 'येणार आहे' हा क्षण मला नेमका माहीत आहे. पावणेबारा वाजलेले, शुक्रवार लागायला थोडाच वेळ, आणि माझे हात आपोआप हलायला लागतात. पूर्वी मी ते मांडीखाली दाबून धरायची. आता धरत नाही.

(दृश्य : शिमगा. पालखी, ढोल-ताशे. आवाज हळूहळू कमी होत जातो.)

माझं शिमग्याशी मात्र अवघड आहे. ढोल जवळून वाजला की तो कानात राहत नाही, दातांत, छातीत शिरतो आणि मला दिशा कळेनाशी होते. कुकरची शिट्टी, गाडीचा अचानक भोंगा, यांचंही तसंच. एवढी गाणी ऐकते आणि ढोलाला घाबरते, असं लोक म्हणतात. हेडफोनवर आवाज माझ्या हातात असतो. तो कधी सुरू होणार हे मला माहीत असतं. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. म्हणून कानांवर मफ लावून मी मळ्याच्या पलीकडच्या बांधावर उभी राहते आणि तिथून रेकॉर्ड करते. तिथून एक गोष्ट ऐकू येते, जी पालखीजवळ कधीच कळली नसती : दोन गावांच्या ढोलांचा ठेका वेगळा असतो. पालखी दिसायच्या आधी नुसत्या ठेक्यावरून मी गाव सांगते.

परवानगीच्या रकान्याबद्दल थोडं. गावातल्या बायका एकमेकींत म्हणतात त्या गाण्यांत नवऱ्यावर, सासूवर, कधी गावच्या पुढाऱ्यावरही ओळी असतात. त्या ओळी मला दिल्या, म्हणजे इंटरनेटला दिल्या असं होत नाही. 'फक्त तू ऐक' असं जिथे लिहिलं आहे, ते या व्हिडिओतही नाही.

आईने गेल्या गणपतीत पहिल्यांदा आपणहून तक्त्यात एक ओळ भरली. फुगडीचं गाणं, तिच्या आईकडून आलेलं. पहिल्या ओळी सहा मात्रांच्या आहेत. मधेच एक ओळ सात मात्रांची येते, आणि पाय तरीही चुकत नाहीत. तो जास्तीचा एक ठोका मी दुसऱ्या कुठल्याच फुगडीत ऐकलेला नाही. आजीचं माहेर आचऱ्याचं. तिथे विचारलं, मालवणात विचारलं, कोणाला ठाऊक नाही. आता आई हे गाणं म्हणेल. ते व्हिडिओत द्यायला तिची हरकत नाही, तसं रकान्यात लिहून घेतलं आहे. सातवा ठोका नीट ऐका, आणि तुमच्या घरात कोणाला अशी ओळ येत असेल तर मला सांगा. ती त्यांना कुठून कळली, तेही विचारून ठेवा.