सोळाव्या खंडाचे एकोणतिसावे पान

(नौपाडा, ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, संयोजक आणि मित्रहो,

आजच्या पत्रिकेत माझा विषय ‘उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती : आठवण आणि वारसा’ असा छापला आहे. यातल्या आठवणीची सोय आपण फार पूर्वीच लावून ठेवली आहे. दादरला उतरलो की रानडे रोड लागतो, माटुंग्यात तेलंगांचा रस्ता आहे आणि चंदावरकरांचाही आहे, बोरीबंदरजवळ बदरुद्दीन तय्यबजींच्या नावाचा मार्ग आहे. आपण या रस्त्यांवर फुले घेतो, साड्या घेतो, रिक्षावाल्याला पत्ता सांगतो आणि त्या निमित्ताने न्यायमूर्तींची नावे रोज उच्चारतो. वारसा मात्र कोणी ताब्यात घेतलेला नाही. ‘न्यायमूर्ती’ हे पद रानड्यांच्या नावाला इतके चिकटले आहे की ते जणू बारशालाच ठेवलेले नाव वाटावे, आणि म्हणूनच की काय, त्यांनी न्यायासनावर बसून काय लिहिले हे कोणी विचारत नाही. रानडे समाजसुधारक म्हणून ठाऊक आहेत, अर्थशास्त्रज्ञ म्हणून ठाऊक आहेत, रमाबाईंनी आठवणी लिहून ठेवल्या म्हणून घरातला माणूस म्हणूनही ठाऊक आहेत; न्यायाधीश म्हणून ते अनोळखीच राहिले.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. न्यायमूर्ती आठवायचा असेल, तर त्याचे निकालपत्र वाचले पाहिजे. आणि जे निकाल चुकले, जे पुढे फिरवले गेले, तेही त्याच आस्थेने वाचले पाहिजेत.

हे मी तावातावाने बोलतो, त्याला एक कारण घडले आहे. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी माझ्याकडे एका दिवंगत न्यायमूर्तींवर लेख मागितला होता. मी त्यांचे निकाल काढून वाचले, त्यांतला कोणता टिकला आणि कोणता सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, हे सविस्तर लिहिले. छापून आले तेव्हा रद्द झालेल्या निकालाचा परिच्छेद गायब होता आणि त्या जागी न्यायमूर्तींच्या साध्या राहणीवर चार ओळी घातल्या होत्या. विचारले, तर संपादकांनी सांगितले, “अहो साहेब, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहायचं.” साधी राहणी ही चांगलीच गोष्ट आहे, पण पक्षकाराला ती लागू होत नाही. त्याला लागू होतो तो निकाल. ज्या माणसाने वीस वर्षे रोज लोकांच्या जमिनीचा, जामिनाचा, पोटगीचा निर्णय केला, त्याच्या मृत्यूनंतर आपण त्याच्या चहात साखर किती असे हे सांगत बसतो, याचे मला मनापासून दुःख होते.

आता त्या पुस्तकाकडे येतो, जे मी आज बरोबर आणले आहे.

मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो, ते माझे सीनियर कोर्ट नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बसत. त्यांच्या ऑफिसच्या तीन भिंती रिपोर्टांनी, म्हणजे न्यायालयीन निकालांच्या छापील खंडांनी, भरलेल्या होत्या. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ मध्ये सुरू झाली, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ मध्ये, आणि दोन्हींचे खंड त्यांनी तीस-चाळीस वर्षांत एकेक करून जमवले होते. पावसाळ्यात त्या खोलीला ओल्या चामड्याचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास येई. आम्ही ज्युनियर रुलिंग, म्हणजे दाखल्याचा जुना निकाल, शोधून आणले की ते पहिला प्रश्न विचारीत, “निकाल कोणाचा?” आम्ही खंड आणि पान सांगायचो, त्यावर ते पुन्हा म्हणत, “ते झालं रे, पण लिहिलंय कोणी?” न्यायमूर्तीचे नाव सांगता आले नाही, तर त्या दिवशी ते रुलिंग कोर्टात वाचायला मिळत नसे.

सीनियर गेले. मुले परदेशी होती, इमारत पुनर्विकासाला गेली आणि खोली आठ दिवसांत रिकामी करायची होती. मला निरोप मिळाला तोवर रद्दीवाला येऊन बसला होता. तो आपल्या कामात वाकबगार होता; एकेक खंड मांडीवर उपडा घेऊन कणा चाकूने कापायचा, पुठ्ठा एका बाजूला टाकायचा आणि पाने दुसऱ्या बाजूला. “पुठ्ठ्याचा भाव वेगळा, साहेब,” तो म्हणाला. त्याचा काहीही दोष नव्हता. मीच आदल्या वर्षी सीनियरांना विचारायला हवे होते, आणि आमच्या वकीलवर्गापैकी आणखी कोणाला तरी ते सुचायला हवे होते. पुठ्ठा न निघालेले जे खंड हाताला लागले ते मी उचलले. ते अकरा निघाले. त्यांत इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचा सोळावा खंड होता.

घरी येऊन तो उघडला, तर एकोणतिसाव्या पानावर सीनियरांची पेन्सिल सापडली. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी. वाटपाच्या दाव्यात मुंबईकडच्या वकिलाला हा निकाल टाळता येत नाही. प्रश्न असा होता, की बाप आपल्या भावांबरोबर किंवा स्वतःच्या बापाबरोबर एकत्र राहत असेल, आणि बापाची संमती नसेल, तर मुलाला वाटप मागता येते का? उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाच्या बहुमताने सांगितले की येत नाही. एका न्यायमूर्तीने सांगितले की येते, आणि ते न्यायमूर्ती होते काशिनाथ त्र्यंबक तेलंग.

बहुमताच्या मजकुराशेजारी समासात सीनियरांनी बारीक अक्षरात लिहिले होते : मुरबाड ५८. त्याखाली कल्याण ६४. त्याखाली शहापूर ७१. मला उलगडायला थोडा वेळ लागला. ही त्यांची स्वतःची प्रकरणे होती. तीन वेळा कोणीतरी मुलगा सातबारा हातात घेऊन त्यांच्याकडे आला होता, आणि तिन्ही वेळा त्यांना त्याला सांगावे लागले होते, की बापाची सही आण, नाहीतर थांब. तेलंगांच्या मजकुराशेजारी गाव नव्हते, साल नव्हते. पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत फक्त एक सरळ उभी रेघ होती.

तेलंग १८८९ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी न्यायमूर्ती झाले आणि १८९३ च्या सप्टेंबरमध्ये गेले. म्हणजे उणीपुरी चार वर्षे. तोवर न्यायासनावरचे बहुतेक इंग्रज न्यायमूर्ती हिंदू कायद्याचे संस्कृत ग्रंथ भाषांतरातून वाचत : मिताक्षरा वाचत ती कोलब्रुकच्या भाषांतरातून आणि व्यवहारमयूख वाचत तो बोराडेलच्या. तेलंगांना भाषांतराची गरज नव्हती. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारा हा माणूस मूळ संस्कृत पुढ्यात ठेवून विचार करीत होता, आणि तरीही आपल्या सहकाऱ्यांना आपल्या बाजूला आणू शकला नाही. पुढे मद्रासच्या उच्च न्यायालयाने मुलाचा हक्क मान्य केला. मुंबईत बहुमताचा नियम पक्का झाला आणि मुरबाड, कल्याण, शहापूरच्या मुलांच्या वाट्याला तोच आला. कोणी म्हणेल, हरलेले मत वाचून करायचे काय? माझे म्हणणे असे, की बहुमताचा निकाल नियम सांगतो, तर मतभेदाचा निकाल सांगतो की हा नियम कोणत्या ठिकाणी दुसरीकडे वळू शकला असता. ते ठिकाण ठाऊक नसेल, तर वकील नियम नुसता पाठ म्हणतो.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झाले. तिथे बसलेले पहिले भारतीय न्यायमूर्ती नानाभाई हरिदास. ते गेल्यावर १८८९ मध्ये तेलंग आले, तेलंग गेल्यावर १८९३ मध्ये रानडे, आणि १९०१ मध्ये रानडे गेल्यावर नारायण गणेश चंदावरकर. एकाच खुर्चीची ही परंपरा आहे. रानडे त्या खुर्चीवर बसले त्याच १८९३ साली आपल्या ठाण्यात वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. पुस्तक जपावे, ते कोणालाही मागता यावे, ही इच्छा या गावाला तेव्हा झाली होती. रिपोर्टांच्या बाबतीत ती पुन्हा व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.

आता टिळकांचे राजद्रोहाचे दोन खटले. ते आपल्याला पाठ आहेत, पण आपण ते टिळकांच्या बाजूने वाचतो; आज न्यायासनाच्या बाजूने वाचून पाहू. १८९७ मध्ये जामीन मागायला टिळकांतर्फे उभे राहिले दिनशा दावर, आणि तो दिला न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांनी. खटला चालला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे. राजद्रोहाच्या कलमातले ‘डिसअफेक्शन’ म्हणजे ‘अफेक्शन’चा अभाव, असे त्यांनी ज्युरीला समजावले. सरकारबद्दल प्रेम नसणे हाच गुन्हा! शिक्षा अठरा महिन्यांची झाली. टिळक सुमारे वर्षभराने सुटले, पण तो अर्थ संपला नाही. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन हे कलम, १२४-अ, आणखी रुंद झाले. त्या कलमाचा वापर थांबवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२२ च्या मे महिन्यात. एका न्यायमूर्तीने ज्युरीसमोर उच्चारलेल्या वाक्याची सावली किती लांब पडते, हे यावरून दिसते.

आणि १९०८ मध्ये न्यायासनावर कोण होते? तेच दिनशा दावर. ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागितला, त्यांनीच आता तो नाकारला. ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला आणि २२ जुलैच्या रात्री दावरांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ज्युरीचा कौल काहीही असो, मी निर्दोष आहे, असे टिळक म्हणाले. हे शब्द आज उच्च न्यायालयात त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्या फलकाचे अनावरण केले. न्यायसंस्थेने स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीवर, आपण शिक्षा दिलेल्या माणसाचे म्हणणे लावून ठेवावे, याहून प्रामाणिक स्मारक मी पाहिलेले नाही. स्मरणिकेच्या त्या संपादकांना मी हाच फलक दाखवणार होतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. निकालांचा वारसा पुढे कसा सरकतो, हे खरे तर सांगायचे होते, ते आता वेगाने सांगतो.

आपल्या ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी फाशी झाली, हे इथे सर्वांना माहीत आहे. त्यानंतर नाशिक कटाचा खटला जे विशेष न्यायासन चालवत होते, ज्याने सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची दिली, त्यावर चंदावरकर होते. १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, प्रार्थना समाजाचे धुरीण, रानड्यांच्या खुर्चीचे वारस. तो निकाल झाकून चंदावरकर आठवता येणार नाहीत आणि तेवढाच धरूनही नाही.

स्वातंत्र्यानंतरचा एक निकाल घ्या. मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी, १९५१. हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करू न देणाऱ्या मुंबई प्रांताच्या कायद्याला आव्हान होते. छागला आणि साताऱ्याचे गजेंद्रगडकर या दोघांनी स्वतंत्र निकाल लिहून तो कायदा वैध ठरवला. पण त्याच ओघात व्यक्तिगत कायद्याला, म्हणजे लग्न-वारशाच्या धर्मनिहाय नियमांना, राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांची कसोटी लागत नाही, असेही त्यांनी म्हटले. कायदा टिकला हे बाईच्या बाजूचे; ओघातले वाक्य मात्र पुढे कित्येक बायकांच्या आड आले. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्यावर टीका केली. आदर आणि चिकित्सा एकत्र नांदतात, ते असे.

न्यायमूर्ती मादोन यांचेही नाव घ्यायलाच हवे. १९७० च्या भिवंडी दंगलीची चौकशी त्यांच्या आयोगाने केली. भिवंडी आपल्याच जिल्ह्यातली, इथून तासाभराच्या अंतरावर. आपल्या शेजारच्या गावाबद्दल एका न्यायमूर्तीने इतक्या बारकाईने लिहून ठेवले आहे, आणि जिल्ह्यात ते किती जणांनी उघडले असेल?

अडचण भाषेची आहे, हे मी मानतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो, खालच्या न्यायालयात मात्र आपण मराठीत बोलतो. नव्या निकालांची मराठी भाषांतरे आता होऊ लागली आहेत. तेलंगांचा मतभेद, रानड्यांचे हिंदू कायद्यावरचे निकाल, छागला-गजेंद्रगडकरांची ती दोन निकालपत्रे यांचेही मराठी व्हावे. ठाण्यात एवढे वकील आहेत, एवढे संस्कृतचे शिक्षक आहेत. महिन्यातून एक निकाल घेऊन बसले तरी पुरेल. मी येईन. माझ्याकडचे अकरा खंडही घेऊन येईन.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. सोळावा खंड इथे टेबलावर ठेवतो आहे, ज्यांना पाहायचा आहे त्यांनी जरूर पाहावा. कागद ठिसूळ झाला आहे, तेव्हा पान कोपऱ्याला धरून उलटू नका, खालून तळहात घाला. एकोणतिसाव्या पानापासून पुढे, उभी रेघ दिसेपर्यंत.