डेंग्यूची लस आणि एक अवघड प्रश्न

डेंग्यूच्या लसीला इतका उशीर का झाला, असं मला नेहमी विचारतात. गोवराची लस १९६३ साली आली. पिवळ्या तापाची लस तर १९३० च्या दशकातली, आणि तो विषाणू डेंग्यूचा जवळचा नातलग. मग इथेच घोडं कुठे अडलं?

अडलं ते चार प्रकारांपाशी. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून मात्र थोडेच महिने. पुढे दुसरा प्रकार अंगात शिरला, तर जुनी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. उलट, ज्या पेशींत तो वाढतो तिथे शिरायला त्याला मदतच होते. राखणीला ठेवलेल्यानेच कडी काढून द्यावी, तसं! म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त धोक्याचा. आता विचार करा, लस चारही प्रकारांवर सारखी चालली नाही, तर ज्याला कधी डेंग्यू झालाच नव्हता त्याच्यासाठी ती लसच जणू ‘पहिला डेंग्यू’ ठरते.

नेमकं हेच घडलं. सनोफी कंपनीच्या डेंगव्हॅक्सिया लसीला डिसेंबर २०१५ मध्ये मेक्सिकोत पहिली परवानगी मिळाली. २०१६ मध्ये फिलिपिन्सने ती शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात केली. आठ लाखांहून जास्त मुलांना ती टोचली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की आधी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतर तीव्र डेंग्यूचा धोका वाढू शकतो. लहान मुलांच्या बाबतीत शंकेची पाल चाचण्यांतच चुकचुकली होती, म्हणून तर किमान नऊ वर्षं वयाची अट होती. मला विचाराल, तर घाई नडली. लोक इतके बिथरले की इतर लसींवरचाही विश्वास डळमळला. २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली, त्यामागे हेही एक कारण होतं.

त्यानंतरची क्यूडेंगा ही ताकेदा कंपनीची लस. तीन महिन्यांच्या अंतराने दोन डोस. पूर्वी डेंग्यू झाला होता का, हे पाहायला आधी रक्त तपासायची अट नाही. तरीही आधी डेंग्यू न झालेल्यांमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराविरुद्धचा पुरावा तोकडा आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ती सरसकट सर्वांना द्या म्हणत नाही. जिथे डेंग्यूचा जोर फार आहे, तिथल्या ६ ते १६ वयाच्या मुलांसाठी सुचवते. ब्राझीलने २०२४ मध्ये १० ते १४ वयोगटापासून सुरुवात केली. तिथल्याच बुटांटान संस्थेच्या एका डोसच्या लसीला २०२५ मध्ये परवानगी मिळाली. एकाच डोसात भागलं, तर साथीच्या काळात ते फार मोलाचं.

या तिन्ही लसींत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. त्यामुळे गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांसाठी त्या नाहीत. आणि हो, लस घेतली म्हणून साचलेलं पाणी विसरू नका. तोच एडिस डास चिकुनगुन्या आणि झिकाही पसरवतो. त्यांच्यावर ही लस चालत नाही.