निर्णयाला पावती हवी

दारातून आत येताना तुम्हा प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली होती. तिच्यावर एकच ओळ लिहायची होती: गेल्या पाच वर्षांत पैशाचा जो सर्वांत मोठा निर्णय घेतलात, तो का घेतलात? नाव नको, रक्कम नको, फक्त कारण. चिठ्ठ्या मी आत्ता चाळल्या. बहुतेकांनी कारण लिहिलेलंच नाही, निकाल लिहिलाय. "शेअर घेतले, बुडाले." "घर घेतलं, बरं झालं." "ठेव मोडली, चूक झाली." एका चिठ्ठीवर नुसतं "भावामुळे" असं लिहिलंय. हा बाजारभाव की सख्खा भाऊ, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक! (हशा) पण खरं सांगते, सगळ्या गठ्ठ्यात कारण म्हणावं असं काही असेल तर या एका शब्दात आहे.

आजचा विषय पत्रिकेवर "शहाणी गुंतवणूक: काय करावं, काय टाळावं" असा छापलाय. तिथे मी येणार आहे. पण त्याआधी जे सांगण्यासाठी मी कुठेही बोलावलं तरी जाते, ते सांगू द्या.

मी पस्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले. आमच्या धंद्यात नव्याने आलेल्या पोराला पहिल्या दिवशी एकच शब्द शिकवतात: व्हाउचर. रोजकीर्दीत दहाची नोंद असली तरी तिच्यामागे कागद हवा. कागद नसेल तर माणूस कितीही सचोटीचा असो, नोंदीभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ पडतं. त्यात त्याचा अपमान नसतो. आठवण हा पुरावा धरता येत नाही, इतकंच. आणि बघा, ज्या घरांत विजेची बिलं तारीखवार टाचून ठेवलेली असतात, त्याच घरांत आयुष्यभराची पुंजी कुठे घालायची हा निर्णय बिनपावतीचा असतो. पैसा किती गेला ते लिहिलेलं असतं. तो तिकडे का गेला, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

माझ्या घरातही नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी मी एका कंपनीचे शेअर घेतले. कंपनीचं नाव सांगत नाही, तिची त्यात काही चूक नव्हती. जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने विषय काढला, दुसऱ्याने दुजोरा दिला आणि तिसऱ्या दिवशी शेअर माझ्या खात्यात होते. दुसऱ्याच्या कंपनीचा ताळेबंद मी तीन-तीन आठवडे उकरत असे. स्वतःचे पैसे घातले त्या कंपनीचा ताळेबंद मात्र उघडूनही पाहिला नाही.

शेअर उतरायला लागला. दहा टक्के उतरला तेव्हा म्हटलं, थांबू या. तीस टक्के उतरल्यावर म्हटलं, आता विकण्यात काय अर्थ? निम्म्यावर आला तेव्हा मी भाव बघणंच सोडून दिलं. डोक्यात एकच आकडा ठाण मांडून बसला होता, माझा खरेदीचा भाव. "तेवढ्याला आला की विकते." अहो, मी कितीला घेतला हे बाजाराला ठाऊकसुद्धा नव्हतं! तो आकडा जगात फक्त माझ्यासाठी अस्तित्वात होता. निम्म्यावर आलेल्या वस्तूला मूळ जागी यायला शंभर टक्के चढावं लागतं आणि नव्वद टक्के पडलेलीला दसपट व्हावं लागतं, हे गणित मला येत नव्हतं असंही नाही.

मधल्या काळात पैशांची गरज पडली. तेव्हा मी काय विकलं असेल? (श्रोत्यांतून: "नफ्यातले!") बरोबर. चांगले चाललेले विकले आणि पडलेले सांभाळले. पडलेले विकले असते तर तोटा कागदावर आला असता, आणि न विकलेला तोटा हा तोटाच नव्हे अशी आपली समजूत असते. ही सवय इतकी सार्वत्रिक आहे की 1985 साली हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन या अभ्यासकांनी तिला नाव दिलं. पुढे टेरन्स ओडियन यांनी एका दलालाकडची दहा हजार खाती तपासली. लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, त्यांनी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी 3.4 टक्के जास्त चालले होते. म्हणजे जे ठेवायचं ते विकलं आणि जे विकायचं ते ठेवलं. तोट्याची बोच तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा साधारण दुप्पट असते, असं डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवलं होतं. त्या दुप्पट बोचेपायी आपण हे करतो.

पण माझ्या गोष्टीतला खरा धक्का पुढेच आहे. काही वर्षांनी कपाट आवरताना त्या वर्षीची डायरी हाताला लागली. निळं रेक्झिनचं कव्हर, मधली शिवण उसवलेली. सहज पानं उलटली तर त्या तारखेला माझ्याच अक्षरात होतं: "आज घेतले. दोन वर्षांत दुप्पट नक्की. ऑफिसात सगळ्यांनी घेतलेत." 'नक्की'खाली दोन रेघा. मी ते पान हातात धरून तिथेच फरशीवर बसले. कारण तोवर घरी, मैत्रिणींना, भाचरांना मी शंभर वेळा सांगितलं होतं, "मला पहिल्यापासूनच शंका होती गं, पण सगळे म्हणाले म्हणून घेतले." मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखर तसंच आठवत होतं! ती शंका मी नंतर, भाव पडल्यावर शिवली होती आणि जुन्या आठवणीला अशी बेमालूम जोडली होती की टाका दिसत नव्हता.

हे सगळ्यांचंच होतं. 1972 साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यांवर निघाले, तेव्हा बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, या दौऱ्यांत अमुक घडेल याची शक्यता किती, तमुक घडेल याची किती? उत्तरं लिहून घेतली. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना सांगितलं, तेव्हा काय आकडे दिले होते ते आठवून लिहा. जे घडलं होतं त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं त्यांना आठवू लागलं. आकडे कागदावर होते म्हणून हे पकडता आलं, नाहीतर पोरांनी शपथेवर सांगितलं असतं.

आता विचार करा. तुम्ही कधीच चुकला नाहीत असं तुमची आठवण सांगत असेल, तर सुधारायला जागा कुठे राहिली? पैशाच्या बाबतीत अनुभवाने शहाणपण येतं म्हणतात. येतं, पण अनुभव जसा होता तसा जपून ठेवला तर.

म्हणून माझा हट्ट आहे: निर्णयाची रोजकीर्द ठेवा. साधी वही. मोठी रक्कम इकडची तिकडे होणार असेल तर आधी अर्धं पान लिहायचं. तारीख. काय करतोय. का करतोय. हे कुणी सुचवलं आणि त्यात त्याला दलाली मिळते का. आणि सगळ्यांत महत्त्वाची ओळ, जी लिहिताना हात अडखळतो: काय घडलं तर माझा अंदाज चुकला असं मी मानीन? "भाव पडला तर" असं तिथे लिहू नका, भाव रोजच खालीवर होतो. "सलग दोन वर्षं कंपनीचं कर्ज वाढलं आणि विक्री घटली तर", "मला हे पैसे तीन वर्षांच्या आत लागणार असं दिसलं तर", अशी तपासता येणारी गोष्ट लिहा. ती सुचत नसेल तर आपण काय विकत घेतोय ते अजून आपल्याला कळलेलं नाही. मग पेन खाली ठेवायचं आणि पैसेही.

शेवटी त्या दिवशीचं मन कसं होतं, तेही एका शब्दात. घाईत, घाबरलेलं, खुशीत, कुणावर तरी चिडलेलं. वर्षाकाठी वही उलटून बघा, 'घाईत' लिहिलेल्या पानांचं काय झालं ते.

हुशार माणसाला वही कशाला, असं कुणी म्हणेल. सर आयझॅक न्यूटन! 1720 साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरांनी उसळी घेतली, तेव्हा न्यूटन तिथल्या टांकसाळीचे प्रमुख होते. म्हणजे पैसा म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं म्हणायची सोय नाही. त्यांनी शेअर वेळेवर विकले, चांगला नफा घेतला, बाहेर पडले. भाव चढतच राहिला. बाकीचे श्रीमंत होताना दिसायला लागले. न्यूटन चढ्या भावाने पुन्हा आत शिरले आणि फुगा फुटल्यावर पहिला नफा गेलाच, वर मोठा तोटा झाला. मला नेहमी वाटतं, पहिल्यांदा विकताना "का विकतोय" हे त्यांनी एका ओळीत लिहून ठेवलं असतं, तर दुसऱ्यांदा आत शिरण्याआधी ती ओळ त्यांना खोडावी लागली असती. स्वतःच्या अक्षरातली ओळ खोडताना माणूस क्षणभर थांबतो. तो क्षण मला हवाय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली आहेत. तर पत्रिकेवरचा विषय आता भरभर घेते.

पहिलं म्हणजे महाग कर्ज आधी फेडा. 72 ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते ढोबळ कळतं. हा ठोकताळा लुका पाचिओली यांच्या 1494 सालच्या गणिताच्या ग्रंथातही आहे. कार्डाची थकबाकी 24 टक्क्यांनी चढत असेल तर तीन वर्षांत दुप्पट. असं कर्ज डोक्यावर ठेवून 10 टक्क्यांची गुंतवणूक शोधत हिंडू नका. मग काही महिन्यांचा घरखर्च सहज हाती येईल असा बाजूला ठेवा, म्हणजे पडत्या बाजारात विकायची पाळी येणार नाही.

दुसरं, खर्च. याच्यावर मी तासभर बोलू शकते, पण आकडेच ऐका. शंभर गुंतवले, दरसाल 10 टक्के, तीस वर्षं: 1,745 होतात. मध्ये कुणी दरसाल 1 टक्का शुल्क घेतलं तर 1,327. एक टक्का म्हणता म्हणता जवळजवळ चौथा हिस्सा गेला. दोन टक्के घेतले तर 1,006 उरतात. बाजार काय देईल ते आपल्या हातात नाही, शुल्क किती द्यायचं ते आहे. जॉन बोगल यांनी 1976 साली सामान्य माणसासाठी पहिला इंडेक्स फंड, म्हणजे निवडानिवड न करता बाजाराच्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा कमी शुल्काचा फंड, काढला तो याच हिशेबावर. पंधरा कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जेमतेम सव्वा कोटीच्या आत जमले. लोकांनी वेड्यात काढलं. पण हिशेब बरोबर होता.

तिसरं, सारखी उलथापालथ नको. ब्रॅड बार्बर आणि ओडियन यांनी 1991 ते 1996 या काळातली 66,465 कुटुंबांची खाती पाहिली. बाजाराने वर्षाला 17.9 टक्के दिले, सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या पदरात 11.4 पडले. वहीचा एक फायदा हाही आहे की अर्धं पान लिहायचा कंटाळा येतो आणि निम्मे सौदे तिथेच राहतात!

चौथं, सगळं एका जागी नको, एका देशातही नको. जपानचा निक्केई निर्देशांक 1989 च्या अखेरीस 38,915 वर होता. तो आकडा ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं. कुणाची अख्खी नोकरी त्यात होऊन जाते.

पाचवं, बचत इच्छाशक्तीवर सोडू नका. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका कंपनीतल्या कामगारांना विचारलं, पुढच्या पगारवाढीतला काही भाग आपोआप बचतीला जाऊ देता का? वाढ अजून हातात आलेली नव्हती, त्यामुळे लोक हो म्हणाले. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. पगार झाला की पहिल्या दिवशीच रक्कम कापली जाईल अशी सोय करा. विम्याचं आणि वारसनोंदीचं राहिलं. वारसनोंद मात्र घरी गेल्यावर आज रात्रीच बघा, नाव जुनं असेल तर बदला. ते पुढच्या व्याख्यानाची वाट बघणार नाही.

(श्रोत्यांतून: "त्या शेअरांचं काय झालं?") हो, ते सांगायचं राहिलंच. डायरी सापडली त्याच आठवड्यात नवी वही आणली. पहिल्या पानावर प्रश्न लिहिला: आज हातात रोख असती तर हे शेअर मी आजच्या भावाला घेतले असते का? मग पहिल्यांदाच ताळेबंद उघडला. तीन संध्याकाळी बसले. कर्ज वाढत होतं, उधारी वसूल होत नव्हती. उत्तर लिहिलं: नाही. दुसऱ्या दिवशी विकले.

दोन वर्षांनी कंपनीला नवे मालक मिळाले आणि भाव तिपटीवर गेला. त्या सहकाऱ्याचा फोन आला, "तू घाई केलीस." मी वही काढली, ते पान पुन्हा वाचलं. नवे मालक येणार हे त्या दिवशी मला कळण्यासारखं नव्हतं, आणि जे कळण्यासारखं होतं ते सगळं त्या पानावर होतं. खाली नवी तारीख घातली आणि लिहिलं: भाव वर गेला. त्या दिवशीचा निर्णय आजही तोच घेतला असता.

आता प्रश्न घ्या. चिठ्ठ्या इथे टेबलावर ठेवते. आपापली ओळखून न्या आणि मागची बाजू कोरी आहे, तिथे कारण लिहा.