इंदुरात आलात तर गव्हाची बिअर

(दृश्य: सकाळची पोह्यांची गाडी, वाफ. तिथून थेट संध्याकाळचं विजयनगर.)

इंदुरी घरात पाहुणा आला की त्याचा दिवस आधीच वाटला गेलेला असतो. सकाळी पोहे-जिलबी, मग राजवाडा आणि लालबाग, दुपारी छप्पन दुकान, रात्री सराफा, हे दोन्ही खाण्याचे अड्डे. या सगळ्यात संध्याकाळचे दोन-तीन तास मोकळे राहतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा नेमका तेव्हाच, थोडा चाचरत विचारतो, "इथे चांगली बिअर कुठे मिळते हो?" रामबागेतल्या जुन्या मराठी घरांत या प्रश्नाला अजूनही दार लोटून, हळू आवाजात उत्तर मिळतं. आज आम्ही ते मोकळेपणाने देणार आहोत, कारण प्रश्न चांगला आहे आणि उत्तर माळव्याच्या मातीपर्यंत जातं.

उत्तर असं: इंदुरात बिअर प्यायची तर गव्हाची प्या, आणि जिथे ती बनते त्या टाकीशेजारी बसून प्या.

(दृश्य: काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या.)

टाकीशेजारी बसणं इथे फार जुनं नाही. मध्य प्रदेश सरकारने जानेवारी २०२२ मध्ये नवं अबकारी धोरण मंजूर केलं आणि त्यात भोपाळ-इंदूरसाठी मायक्रोब्रूअरीची, म्हणजे जिथे बिअर बनते तिथेच ती देणाऱ्या छोट्या कारखान्याची, वाट मोकळी केली. पुण्यात हे २००९ पासून चालू होतं, बंगळुरातही त्यानंतर लवकरच. आपण उशिरा आलो. पुढे १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना चिकटलेले अहाते, म्हणजे तिथेच प्यायच्या जागा, बंद झाले. ज्याला उभ्याने गटकायची नाही, बसून चव घ्यायची आहे, त्याच्यासाठी विजयनगर, एबी रोड आणि बायपासचा पट्टा उरला. शोध तिथूनच सुरू करा.

पण बिअरशी इंदूरचं नातं २०२२ च्या आधीचं आहे. बिरा ९१ हे नाव तुमच्या ओळखीचं असेल. २०१५ मध्ये ही बिअर बाजारात आली तेव्हा ती बेल्जियममध्ये बनून येत होती. भारतात ती बनू लागली २०१६ मध्ये, आणि ती इथे, इंदुरात. तिची 'व्हाइट' ही गव्हाची बिअर, धण्याची आणि लिंबूवर्गी फळाची झाक असलेली. दिल्ली-मुंबईच्या तरुण मंडळींनी ती मिटक्या मारत प्यायली, आणि ती कुठल्या गावची हे फार थोड्यांना माहीत होतं. आम्हाला मात्र ही गोष्ट पाहुण्याला आवर्जून सांगाविशी वाटते.

आणखी मागे गेलो तर महू लागतं. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, होळकरांचं राज्य कंपनीच्या छायेत गेलं आणि इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरच्या आत महूची छावणी उभी राहिली. त्या काळी गोऱ्या फौजेसाठी बिअर विलायतेहून पिंपांत भरून जहाजाने हिंदुस्थानात येई. साहेबांच्या टेबलावर फिकी, कडवट पेल एल, गोऱ्या सोल्जरांच्या वाट्याला बहुतेक काळी पोर्टर. आज मेनूवर आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ही तीन अक्षरं दिसतात, त्यांतला 'आय' तो हिंदुस्थानचा.

(दृश्य: जलूदची पंपगृहं, घाट चढणाऱ्या जाड पाइपलाइन.)

आता पाण्याकडे वळू. ग्लासात नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. माळव्याचं पठार काळ्या बेसॉल्टचं, त्यामुळे बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदा येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून तिला इथवर आणावं लागतं. या शहरात पाणी किती कष्टाने पोचतं हे ठाऊक असलेला माणूस ग्लास अर्धा टाकून उठत नाही. बिअरवाल्यांना पाण्याचा स्वभाव कळावा लागतो. चेक देशातल्या प्लझेनचं पाणी अगदी हलकं, म्हणून १८४२ मध्ये तिथे सोनेरी पिल्सनर जन्मली. डब्लिनचं पाणी जड, म्हणून तिथे काळी स्टाउट रुजली. आता आरओने पाणी कोरं करून हवे ते क्षार मोजून घालता येतात. तरीही ब्रूमास्तरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, एवढं जरूर विचारा, की पाणी कुठलं आणि त्यात काय घालता? जो खुशीने सांगायला लागतो, त्याच्याकडे बसा.

आम्ही मुद्दाम कुठल्या ब्रूपबचं, म्हणजे स्वतःची बिअर बनवून देणाऱ्या बारचं, नाव घेत नाही. ब्रूमास्तर बदलला की चव बदलते, पाटी तशीच राहते. त्यापेक्षा परख शिकून घ्या. आधी टाक्या पाहा. त्या खरंच चालू आहेत की शोभेच्या? मग विचारा, आजची गव्हाची बिअर टॅपवर कधी लागली? ही बिअर गाळलेली नसते, तापवून टिकाऊ केलेली नसते. ताजेपणा हाच तिचा जीव. काही आठवड्यांत तिचा सुवास उतरू लागतो. मग छोट्या ग्लासांचा ट्रे मागवा आणि फिकीकडून काळीकडे चाखत जा, उलटं केलंत तर स्टाउटनंतर बाकी सगळं पाणी वाटेल. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, बिनदिक्कत बदलून मागा. आणि बर्फाने पांढरा केलेला ग्लास नको म्हणा. जीभ बधिर झाली की पैसे कशाचे दिले ते कळत नाही.

(दृश्य: गढूळ सोनेरी ग्लास, वर जाड पांढरा फेस. शेजारी सेवेची वाटी.)

ही हेफेवायझन, जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. हिच्यात निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचं. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवलेलं धान्य. नाचणीला मोड काढून सत्त्व करणाऱ्या घरांना हे वेगळं समजवायला नको. हे माल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात मुरवलं की पिष्टाची साखर होते. तो गोड काढा तासभर उकळतात, त्यात हॉप्स ही कडवट फुलं घालतात, थंड करून आंबवणारं यीस्ट सोडतात. पुढची कमाल यीस्टची. १८ ते २२ अंशांच्या उबेत ते आंबवत असताना दोन सुवास तयार करतं, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. ग्लासात ना केळं पडलेलं असतं, ना लवंग.

आता शेजारच्या वाटीकडे या. रतलामी सेव. तिच्या बेसनात लवंग असते. सेवेचा एक घास, वर हेफेवायझनचा घोट, आणि दोन्हीकडची लवंग एकमेकींना ओळखते. इंदुरी माणूस पोह्यांपासून भाजीपर्यंत सगळ्यांवर सेव घालतो, तेव्हा बिअरसोबत ती मागायला लाजू नका. महागडे नाचोज राहू द्या. हिवाळा असेल आणि मेनूवर गराडू असेल, तर तळलेल्या त्या कंदावर जीरावन मसाला भुरभुरून घ्या. फक्त त्याच्याबरोबर आयपीए घेऊ नका, हॉप्सचा कडवटपणा मिरचीचा चटका वाढवतो. तिखटाला गहूच सांभाळून घेतो.

दुसरी शिफारस विटबिअर, बेल्जियमची. हिच्यात गहू मोड न आणता, कच्चाच पडतो. जोडीला कुटलेले धणे आणि संत्र्याची साल. ही यादी पुन्हा एकदा ऐका आणि माळव्याकडे बघा. सीहोरचा शरबती गहू. गुणा जिल्ह्यातल्या कुंभराजचे धणे. आगर-माळव्याची संत्री. सगळं काही तासांच्या अंतरात पिकतं. हॉप्स इथे होत नाहीत, ते जर्मनी-अमेरिकेतून येतात, थोडे हिमाचलच्या लाहौलमधून. जवाचं माल्टही बाहेरचंच. पण विटबिअरचा चेहरा ज्या तीन गोष्टींनी बनतो, त्या तिन्ही आपल्या आहेत. म्हणून ब्रूपबमध्ये विटबिअर दिसली की विचारा, धणे कुठले? गहू कुठला? हे विचारणारी गिऱ्हाइकं वाढली, तर उत्तरं बदलतील याची आम्हाला खात्री आहे.

फळांच्या बिअरबद्दल थोडं सावध राहा. आंब्याची म्हणून जी देतात, ती आंब्याचा गर आंबवून केली आहे की शेवटी सिरप ओतलंय, एवढं विचारून घ्या. सिरपची असेल तर छप्पनवरची शिकंजी कितीतरी सरस.

(दृश्य: महाकालकडे जाणारा रस्ता, नर्मदेचा घाट.)

बहुतेक पाहुणे इंदूरवरून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर करतात. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या वर्षात, १ एप्रिल २०२५ पासून, या तिन्ही ठिकाणांसह राज्यातल्या पवित्र नगरांत दारूची दुकानं आणि बार बंद झाले. तेव्हा बिअरची संध्याकाळ इंदुरातच आटपा, आणि तीर्थाच्या वाटेवर गाडीत बाटली ठेवू नका. राज्यात पिण्याचं वय २१ आहे. स्वतःची गाडी आणली असेल तर ती घरीच ठेवा, टॅक्सी किंवा रिक्षा करा. सराफ्यात जायचं असेल तर एका ग्लासवर थांबा. तिथे सगळं शाकाहारी असतं, लेकुरवाळी मंडळी असतात, आणि जोशींचा उंच उडणारा दहीवडा सावध डोळ्यांनी बघायचा असतो.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर मोहाच्या दारूची चौकशी करा. ही बिअर नाही, ऊर्ध्वपातन केलेली, चांगली कडक. २०२२ च्या त्याच धोरणाने हिला 'हेरिटेज' म्हणून मान दिला. अलिराजपूरकडच्या आदिवासी बचतगटाची बाटली 'मोंड' नावाने निघाली, दिंडोरीची 'मोहुलो' नावाने. मोह फुलतो तो मार्च-एप्रिलात. छोट्या ग्लासात, सावकाश घ्या, आणि बिअरच्या दिवशी घेऊ नका.

(दृश्य: मांडूचा रस्ता, फुगीर खोडाची झाडं, टोपलीत मखमली सालीची फळं.)

आणि आता एक मागणी, इंदूरच्या ब्रूमास्तरांकडे. जर्मनीत गोजे नावाची एक आंबट बिअर करतात. तिच्यात गहू असतो, धणे असतात, चिमूटभर मीठ असतं. मांडूच्या रस्त्याला टोपल्यांत जी खुरासानी चिंच विकायला असते, म्हणजे त्या गोरखचिंचेच्या झाडाचं फळ, तिचा कोरडा पांढरा गर जिभेवर ठेवून बघा. ती आंबट चव या बिअरसाठीच जपून ठेवल्यासारखी आहे. शरबती गहू, कुंभराजचे धणे आणि मांडूची चिंच घालून एक टाकी लावा. लावलीत की आम्हाला कळवा, आम्ही कॅमेरा घेऊन येतो, आणि पहिल्या दहा ग्लासांचे पैसे आमचे.