रस्ता ओलांडणारा खुळखुळा

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ओळख करून देताना माझा उल्लेख 'अमेरिकेतल्या सर्पमित्र' असा झाला. तो आधी खोडून काढते. सर्पमित्र तुमच्या तालुक्यात आहेत, रात्री दोनला फोन आला तरी पदरचं पेट्रोल जाळून येणारे. मी पाणीपुरवठ्याच्या पाइपांची गणितं करणारी इंजिनिअर. एकोणीस वर्षं ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात राहते आहे आणि एवढ्या वर्षांत रस्त्यावर आलेले सहा रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळ्यासारखी वाजवणारे विषारी साप, मी पलीकडे जाऊ दिले. 'जाऊ दिले' हे मुद्दाम म्हणते आहे. पहिल्या वेळी मी 'वाचवायला' गेले होते आणि तिथेच माझं चुकलं.

सापाची भीती मी इथूनच नेली. फुरशांच्या मुलखात वाढलेल्या पोराला दगड हाताने उचलायचा नसतो, आधी काठीने हलवायचा असतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर वाजवतं. घोणस कुकरसारखी फुसफुसते. रॅटलस्नेक या दोघांच्याच कुळातला, पण त्याचं जवळचं नातं आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याशी. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो आणि त्या खळग्याला उष्णता कळते. मिट्ट काळोखात उंदराच्या अंगाची ऊब त्याला तिथून जाणवते. फरक शेपटीत. रॅटलस्नेकच्या शेपटीला आपल्या नखांच्याच द्रव्याची पोकळ कडी एकात एक अडकवलेली असतात. ती एकमेकांवर आपटतात आणि आवाज होतो. आत मणी-बिणी काही नसतात. पाळण्यावर टांगतात तो खुळखुळा डोळ्यांसमोर आणू नका.

कडी मोजून सापाचं वय सांगणारे लोक तिथेही भेटतात. दर कातेला एक कडं वाढतं, कात वर्षातून दोन-तीनदाही पडते, आणि टोकाची कडी झिजून तुटतात. तेव्हा त्या हिशेबाला काही अर्थ नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचा खुळखुळा तर वाजतच नाही, कारण आपटायला दुसरं कडं लागतं. (हो, जन्मलेल्या. हा साप अंडी घालत नाही, पिल्लं देतो. पहिली कात टाकेपर्यंत ती आईजवळच राहतात.)

आता तो प्रसंग. टूसॉनच्या पश्चिमेला किनी रोड नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना दोन-तीन पुरुष उंचीचे साग्वारो निवडुंग. ऑगस्ट महिना. तिथेही त्या दिवसांत पाऊस येतो आणि गंमत म्हणजे त्याला 'मान्सून'च म्हणतात. सर पडून गेली की क्रिओसोट नावाच्या झुडपाचा उग्र वास सगळ्या वाळवंटात पसरतो. मृद्गंधाची आठवण येते, पण तसा नव्हे, जरा औषधी. संध्याकाळचे साडेसात झालेले. गाडीच्या उजेडात रस्त्यावर एक दोरखंड दिसला. जवळ गेल्यावर पाठीवरचे चौकटीचे ठसे दिसले, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. वेस्टर्न डायमंडबॅक, चारेक फूट लांब. ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आहेत, त्यातला हा सगळ्यात ओळखीचा.

मी गाडी थांबवली, लुकलुकणारे दिवे लावले, आणि मग मूर्खपणा केला. काठी शोधायला कडेच्या झुडपांत शिरले. काळोखात, पायात सपाता! रस्त्यावरचा साप तरी दिसत होता. मेलेल्या साग्वारोच्या आतल्या लाकडी बरगड्या तिथे पडलेल्या असतात, सरळ आणि लांब. तिथले मूळ रहिवासी, तोहोनो ओओडम, त्याच बरगड्या एकीला एक बांधून साग्वारोची फळं पाडतात, आपल्या आकडीसारखी. तशी एक मिळाली. साप होता डाव्या कडेपासून दोन हातांवर. मी हिशेब केला: डावी कड जवळ, तर डावीकडे ढकलूया.

बरगडी लागताच तो वेटोळं करून वाजू लागला. तो आवाज कसा, विचाराल तर सांगता येणार नाही. गरम तेलात ओलं काही पडल्यावर जो आवाज होतो तो न थांबता होत राहिला तर, तसा काहीसा. 2021 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की आपण जवळ जात राहिलो की हा साप आधी हळूहळू वेग वाढवतो, सेकंदाला चाळीसेक ठोक्यांपर्यंत, आणि मग एकदम साठ ते शंभरावर उडी मारतो. त्या उडीने ऐकणाऱ्याची फसगत होते. चार मीटरवरचा साप एका मीटरवर आल्यासारखा वाटतो. अंतराचा अंदाज चुकवून तो आपल्याला लवकर मागे ढकलतो. मी अर्थातच मागे सरले. मला तेव्हा वाटलं होतं, रागावलाय. आता वाटतं, तो घाबरून 'अहो, जरा बघून' म्हणत होता.

शेवटी त्याला डाव्या कडेला लावला, गाडीत बसले, आणि स्वतःवर खूश होऊन पाणी प्यायले. पाच मिनिटं गेली असतील. साप परत रस्त्यावर! त्याच जागी, त्याच दिशेने, उजवीकडे. तो डावीकडूनच आला होता. निम्मासुद्धा रस्ता पार झाला नव्हता तेवढ्यात मी त्याला परत पाठवला होता, आणि त्याचं पलीकडचं काम तसंच राहिलं होतं. एखादी मादी असेल, उंदराचं बीळ असेल, काय ते त्याला ठाऊक. या दिवसांत नर माद्यांच्या शोधात लांबलांब फिरतात. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उबदार असतं हेही खरं, पण प्रत्येक साप शेकायलाच आलेला नसतो.

दुसऱ्यांदा मी काहीच केलं नाही. गाडी आडवी ठेवून बसले. मागून एक पिकअप आला, त्यातले टोपीवाले म्हातारबुवा खिडकीतून डोकावले, एकदा सापाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांनीही इंजिन बंद केलं. त्या दोन पदरी रस्त्याची उरलेली रुंदी पार करायला त्याला सहा-सात मिनिटं लागली असतील. मी घड्याळ लावलं नव्हतं.

हळू जाण्याचं कारण मला पुढे कळलं. किंबर्ली अँड्र्यूज आणि व्हिट गिबन्स या दोघांनी 2005 मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या सापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रस्ता ओलांडताना बिनविषारी जाती झपाट्याने जातात, विषारी सावकाश. तिकडचा रॅटलस्नेक तर गाडी जवळून गेली की जागच्या जागी थिजतो. जंगलात हे शहाणपणाचं. हललं नाही की ससाण्याला दिसत नाही. टायरपुढे तीच सवय जीव घेते. म्हणून मी म्हणते, तिथे सापाला मदत म्हणजे नव्वद टक्के वाहतूक थांबवणं. उरलेल्या दहा टक्क्यांत झाडू.

होय, झाडू. त्या रात्रीनंतर गाडीच्या डिकीत लांब दांड्याचा, मऊ केसांचा झाडू असतो. फावडं नाही, कारण हातात फावडं आलं की माणसाच्या मनात दुसरंच येतं. रॅटलस्नेक स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत झेप घेतो. चार फुटी साप असेल तर दोन फूट. मी सहा फूट सोडते, कारण मला माझ्या अंदाजावर भरवसा नाही. तो ज्या दिशेला तोंड करून असेल त्याच दिशेला, मागून, हलकेच. वेटोळं करून वाजायला लागला की झाडू मागे घ्यायचा आणि वाट बघायची. शेपटी धरायची नाही. फोटोसाठी वाकायचं नाही. आणि लांब नेऊन सोडायचं तर मुळीच नाही. त्याला आपली बिळं, दडायच्या जागा, थंडीतली गुहा पाठ असते. परक्या डोंगरात सोडलेला साप दिशाहीन भटकतो आणि बऱ्याचदा मरतो. आपल्याकडेही वस्तीतला साप दूरच्या घाटात नेऊन सोडायची हौस असते, तिचा जरा विचार व्हावा.

आणि मागे गाड्या भरधाव येत असतील, वळण असेल, तर मी थांबतही नाही. सापासाठी माणूस चिरडला जाणं यात कसलंही पुण्य नाही.

चावला तर? कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही. सरळ रुग्णालय. तिथे प्रतिविषाच्या एका बाटलीचं बिल हजारो डॉलर होतं आणि बाटल्या अनेक लागतात. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही बराच वेळ चावू शकतं, हे मारणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

त्या आठवड्यात आईला फोनवर हे सगळं सांगितलं, नव्या झाडूसकट. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "केरसुणी म्हणजे लक्ष्मी गं. सापाला कसली लावतेस?" मी म्हटलं, "आई, ती प्लॅस्टिकची आहे." थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग हळूच, "लागणार नाही ना पण त्याला?"